साडेदहा लिहिलंस, आकडा का नाही?

‘मावशी, पैशांचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्यानं बंद झाले तेव्हापासून दर शनिवारी रात्री आम्ही सहा जुने मित्र माझ्याकडे पोकर खेळतो. पाचशेच्या चिप्स, ब्लाइंड (पानं वाटण्याआधी दोघांनी लावायचीच रक्कम) पाच-दहा, बँक माझ्याकडे. पण एक जण जिंकू लागला की साडेदहालाच ‘घरी वाट बघताहेत’ म्हणून उठतो. दुसरा पानं टाकल्यावर आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना सांगत बसतो. बाकीच्यांचं काही नाही. एकाचा हिशोब थोडा साचलाय, पण तो बिचारा गुपचूप खेळतो, येताना सराफ्यातल्या खाऊगल्लीतून सगळ्यांना गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणतो. नियम लिहून भिंतीवर लावले तर मित्रांना राग येईल का?’
— यजमान, सुदामानगर, इंदूर

अरे, लाव की. ज्याला राग येईल त्याला येऊ दे. लवकर जायचं असेल त्यानं बसतानाच सांगायचं, शेवटची फेरी बाराला. पानं टाकली की डाव संपेपर्यंत तोंड बंद. एक एक्का बाहेर गेलाय हे कळलं की उरलेल्यांचा खेळच बदलतो. आणि चहा-पोह्यांच्या नावाखाली पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, नाल (घरमालकाचा वाटा) काढत असशील तर आजपासून बंद. 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा घरमालकाच्या नेमक्या त्या कमाईकडे बघतो. खर्च खेळाबाहेर वाटून घ्या. झाले तुझे प्रश्न.

आता तो साचलेला हिशोब. मित्र किती वाजता उठतो ते तू लिहिलंस, ब्लाइंड लिहिलेस, गराडू कुठून येतात तेही लिहिलंस. हिशोब मात्र ‘थोडा’. थोडा असता तर पत्रात आलाच नसता.

कसा साचला ते मी सांगते. त्याचे पाचशे संपले, खिशात आणखी नव्हते, तू म्हणालास, ‘घे रे, लिहून ठेवतो.’ तेही गेले. पुन्हा घे. जिंकणाऱ्याला तर त्याच रात्री रोख हवी, ती तू आपल्या पाकिटातून दिलीस. म्हणजे साडेदहाला उठणाऱ्याच्या खिशात जातं त्यातलं बरंचसं या गुपचूप मित्राच्या नावावर चढलेलं असतं, आणि तो बिचारा बारापर्यंत बसून असतो. आणि तू चिडतोस कुणावर, तर लवकर उठणाऱ्यावर!

हरलेला माणूस खेळ सोडू शकतो, देणेकरी नाही. आला नाही तर पैसे बुडवून पळाला असं तुम्हीच म्हणाल, आला तर आणखी पाचशे. ते गराडू मला व्याजासारखे वाटतात, बाबा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. असं देणं माणूस फेडतो ते लाजेपोटी, आणि तुझ्या घरात ती लाज सहा जणांत एकट्याच्याच वाट्याला आली आहे.

शनिवारच्या आत त्याला एकट्याला गाठ आणि सांग, ‘वही फाडली.’ ‘जमेल तसं दे’ म्हणू नकोस, ‘घाई नाही’ तर मुळीच नको. तो देतो म्हणेल. घेऊ नकोस. बँक तुझी, उधारी तू दिलीस, खोटही तुझीच. एवढी रक्कम सोडणं तुला जड जात असेल, तर ती अंगावर घेऊन दर शनिवारी तुझ्या दारात येणं त्याला किती जड जात असेल ते बघ.

मग भिंतीवर पहिला नियम हा लिही: रोख डब्यात पडल्याशिवाय चिप्स नाहीत. सहा जणांचे तीन हजार, आणि रात्री चिप्स परत घेतल्यावर डबा रिकामा झालाच पाहिजे. जास्तीच्या चिप्स एकदाच, त्याही रोखीनं. बँकवाल्यानं वही ठेवायची नाही.

पुढच्या शनिवारी तो आला नाही तर ‘ये रे, एक गडी कमी आहे’ असा फोन करू नकोस. पाच जणांतही पोकर होतो.