कोणती गाडी किती ॲव्हरेज देते? वाचकांचे प्रश्न

या वेळी गाड्यांवर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवर होते, या कंपनीची गाडी जास्त ॲव्हरेज देते की त्या कंपनीची. सगळे छापणं शक्य नाही म्हणून थोडे निवडले आहेत, आणि नावांऐवजी गावं दिली आहेत.

प्रश्न (नाशिक): ताई नमस्कार. आम्ही दोन हॅचबॅकमध्ये अडकलोय. एकीच्या ब्रोशरमध्ये २४ लिहिलंय, दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच गाडीचं २०. पण आत्ता आमच्याकडे जी गाडी आहे तिचं पण कागदावर २२ होतं आणि हातात १५ च्या वर कधी आलंच नाही. मग हे आकडे खोटेच असतात का? आमचं रनिंग म्हणजे मुलांची शाळा, क्लास, भाजी, वर्षाला ६ हजार किलोमीटर होत असतील.

उत्तर: खोटे नसतात हो, पण ते तुमच्या रस्त्यावरचे पण नसतात. ब्रोशरवरचा आकडा येतो तो लॅबमधल्या रोलरवरून. पुण्यात वेताळ टेकडीजवळ एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, पुणेकर टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात, तिथे किंवा हरियाणात मानेसरला आयकॅट या तशाच संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात. पूर्ण टेस्ट जेमतेम २० मिनिटांची असते, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, शहराचा भाग ५० च्या स्पीडपर्यंत आणि हायवेचा भाग फक्त ९० पर्यंत. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मागे तीन माणसं नाहीत, पुढे रिक्षा आडवी येत नाही. आणि बऱ्याच जणांना वाटतं की टाकीतलं पेट्रोल मोजत असतील, तसं नाही, सायलेन्सरमधून निघालेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. हे मोजमाप एकदम काटेकोर असतं, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला आकडा चांगलाच उपयोगी आहे, फक्त तुमच्या हातात तेवढंच येईल असं वचन म्हणून तो वाचायचा नाही.

आता तुमचं १५ का येतं ते सांगते, यात गाडीचा दोष असेलच असं नाही. शाळा दोन-तीन किलोमीटरवर, म्हणजे इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पोचलेले असता. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, आतलं ऑइल घट्ट असतं, आणि परत येताना तेच पुन्हा. त्यात शाळेच्या गेटबाहेर एसी लावून थांबणं आलं, उभ्या गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल आरामात जातं आणि तेवढ्या वेळात किलोमीटर शून्य. कुठल्याही कंपनीची गाडी आणा, अशा वापरात आकडा पडणारच.

मग २४ की २०? तुमच्याच ६ हजार किलोमीटरचा हिशोब करू. कागदावरच्या आकड्यांनी एकीला २५० लिटर लागतील, दुसरीला ३००. प्रत्यक्षात दोन्हींचं ॲव्हरेज पडेल, समजा १५ आणि साडेबारा, म्हणजे ४०० आणि ४८० लिटर. वर्षाला ८० लिटरचा फरक, पेट्रोल १०५ धरलं तर ८,४०० रुपये, महिन्याला ७००. आता जिचं ॲव्हरेज कमी तिच्यात सगळ्या सीटना एअरबॅग मिळत असतील, मागच्या सीटवर आजीला बसायला नीट जागा असेल, तर मी ७०० रुपयांसाठी ती सोडणार नाही, मुलं रोज त्याच गाडीत बसणार आहेत. हां, रनिंग वर्षाला २० हजार असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी): मी इथे नोकरीला आहे. इथे गाडीवर ५.२ लिटर प्रति १०० किमी असं लिहितात, पुण्यातला भाऊ म्हणतो त्याची १९ देते. कुणाची चांगली?

उत्तर: १०० ला तुमच्या ५.२ ने भागा, १९.२ येतं, म्हणजे कागदावर जवळपास सारख्याच. पण परीक्षा वेगळ्या आहेत ना. युरोपात २०१७ पासून नवीन गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही टेस्ट आली, ती अर्ध्या तासाची असते, स्पीड १३० च्या पुढे जातो, वेग कमीजास्त पण भरपूर होतो. आपली भारतातली टेस्ट युरोपच्या आधीच्या जुन्या टेस्टवरून घेतलेली आणि तिचा वरचा स्पीड पण कमी करून ९० ठेवलेला. त्यामुळे तुमचं ५.२ जास्त कठीण पेपरातलं आहे, भावाचं १९ त्यामानाने सोप्या पेपरातलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या नातेवाइकांचं मैल प्रति गॅलन ऐकलंत तर अजून एक घोळ असतो, इंग्लंडचा गॅलन ४.५५ लिटरचा आणि अमेरिकेचा ३.७९ चा, म्हणून इंग्लंडचे ४० म्हणजे लिटरला १४ किलोमीटर आणि अमेरिकेचे ४० म्हणजे १७.

पण तुमच्या पत्रामुळे मला जे सगळ्यांना सांगायचंय ते सांगता येतंय. तुलना करायला लिटर प्रति १०० हीच पद्धत चांगली आणि आपण सगळ्यांनी ती घरी वापरावी असं मला मनापासून वाटतं. का ते बघा. एकाने १० देणारी जुनी एसयूव्ही विकून १२ देणारी घेतली, दुसऱ्याने २० देणारी छोटी गाडी विकून २४ देणारी. ऐकायला दुसऱ्याचं भारी वाटतं, ४ किलोमीटर वाढले ना. पण वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा, पहिल्याचं पेट्रोल १,२०० लिटरवरून १,००० वर आलं, २०० लिटर वाचले, आणि दुसऱ्याचं ६०० वरून ५००, वाचले १००. पहिल्याची बचत दुप्पट. किलोमीटर प्रति लिटरच्या आकड्यात हे दिसतच नाही. घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणारी बदला, कमी पिणारीला राहू द्या.

प्रश्न (इचलकरंजी): रोज कोल्हापूरला जाऊन-येऊन ६० किलोमीटर. क्रेटा पेट्रोल, क्रेटा डिझेल, हायरायडर हायब्रिड आणि डिझायर सीएनजी असे चार पर्याय घरात चर्चेला आहेत आणि रोज भांडणं होतात. ॲव्हरेजवरून ठरवायचं तर कोणती?

उत्तर: चार गाड्या, तीन वेगळी इंधनं (हायब्रिड पण पेट्रोलचीच, जोडीला बॅटरीवरची मोटर), त्यामुळे नुसतं ॲव्हरेज शेजारी शेजारी मांडलं तर भांडण संपणार नाही. कंपन्यांचे आकडे असे आहेत: मॅन्युअल क्रेटा पेट्रोल १७.४, डिझेल २१.८, हायरायडर स्ट्राँग हायब्रिड २७.९७, आणि डिझायर पेट्रोलवर २४.७९ पण सीएनजीवर ३३.७३. हा शेवटचा आकडा मात्र लिटरचा नाही, किलोचा आहे! एक किलो सीएनजीमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणजे ३३.७३ ला दीडने भागलं तर साडेबावीस येतं, डिझायरच्या पेट्रोल आकड्यापेक्षा कमीच. गाडी सीएनजीवर जास्त काटकसरी होत नाही, गॅस स्वस्त आहे म्हणून खिशाला परवडतं. डिझेलचं पण अर्धं तसंच, एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १२ टक्के ऊर्जा जास्त असते, आकड्यातला साधारण अर्धा फरक तिथूनच येतो आणि उरलेला डिझेल इंजिनाची खरी कमाई.

म्हणून मी नेहमी रुपये प्रति किलोमीटर काढते. समजा पेट्रोल १०५, डिझेल ९२, सीएनजी ८०, तुम्ही तुमच्या पंपावरचे भाव टाका. क्रेटा पेट्रोल ६ रुपये किलोमीटर, क्रेटा डिझेल ४ रुपये २२ पैसे, हायरायडर ३.७५, डिझायर सीएनजी २.३७. आणि एक गंमत बघा, डिझायर पेट्रोलवर घेतली तर ४.२४, म्हणजे मोठी क्रेटा डिझेलवर आणि छोटी डिझायर पेट्रोलवर दोघींचा किलोमीटरचा खर्च सारखाच. रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतील पण क्रम साधारण हाच राहील.

तुमचे महिन्याला १,५०० किलोमीटर होतात. क्रेटामध्येच पेट्रोलऐवजी डिझेल घेतली तर महिन्याला २,७०० च्या आसपास वाचतात, वर्षाला साडेबत्तीस हजार. दोन्हींच्या किमतीत समजा दीड लाखाचा फरक असेल तर तो भरून यायला साडेचार वर्षं, त्यामुळे गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तरच डिझेल. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवायला फिल्टर असतो, तो साफ व्हायला सलग मोकळं रनिंग लागतं, नाशिकच्या ताईंसारखं दोन-दोन किलोमीटर चालवलं तर तो चोंदतो, तुमचं ६० किलोमीटर मात्र डिझेलला मानवणारं आहे. हायब्रिडचा जोर गर्दीत दिसतो, ब्रेक लावला की बॅटरी चार्ज होते आणि हळू चालताना इंजिन बंद राहतं. तुमचा रस्ता सकाळी मोकळा असेल तर तो फायदा कमी होईल. सीएनजी सगळ्यात स्वस्त यात वाद नाही, पण डिक्की सिलिंडरने भरते आणि पंपावर रांग किती लागते ते आठवडाभर स्वतः बघून या. घरात वयस्कर माणसं नाहीत आणि सामान फार नाही असं असेल तर मी डिझायर सीएनजी म्हणेन.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): समृद्धीवरून नागपूरला गेलो, उंच एसयूव्ही, १२० ला क्रूझ लावून. रस्ता एवढा मोकळा असून ॲव्हरेज गावातल्यापेक्षा कमी! मित्राची सेडान बरोबरच होती, तिचं चांगलं आलं.

उत्तर: हवा आडवी आली. वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, म्हणजे ८० ला जेवढा होता त्याच्या सव्वादोन पट १२० ला. एसयूव्ही उंच आणि रुंद, समोरून जास्त हवा ढकलावी लागते, सेडान खाली बसलेली असते म्हणून तिला कमी त्रास. गावातल्या ४०-५० च्या स्पीडला हा फरक जाणवत नाही, म्हणूनच सेडान आणि एसयूव्हीची तुलना गावात वेगळी येते आणि एक्स्प्रेसवेवर वेगळी. वर कॅरियर लावलेला असेल तर काढून ठेवा. पुढच्या वेळी ९०-१०० ला जाऊन बघा, वेळ थोडा जास्त लागेल पण टाकीत फरक दिसेल आणि टायरवरही ताण कमी.

प्रश्न (श्रीरामपूर): माझी २०१४ ची पेट्रोल गाडी. हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि ॲव्हरेज पडलं असं वाटतं. आम्ही ऊसवाले, इथेनॉलच्या विरोधात नाही, पण खरं काय ते सांगा.

उत्तर: पडतं, हे खरं आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की जुन्या, इ-१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट येऊ शकते आणि इ-२० (२० टक्क्यांचं) साठी जुळवलेल्या गाड्यांमध्ये १ ते २ टक्के. म्हणजे तुमची १५ देत असेल तर १४ वर येईल. त्यापेक्षा जास्त पडलं असेल तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका, टायरची हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक चिकटतोय का ते बघून घ्या. आणि दुसऱ्या कंपनीच्या नव्या गाडीशी तुलना करणार असाल तर हा फरक लक्षात ठेवून करा, तुमच्या जुन्या गाडीवर अन्याय नको.

प्रश्न (रत्नागिरी): घरी ॲव्हरेज नीट कसं मोजायचं? डिस्प्लेवर दिसतं ते बरोबर असतं का? आणि आंबा घाट उतरताना न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

उत्तर: डिस्प्ले बऱ्याचदा थोडं जास्त दाखवतो, ट्रेंड बघायला ठीक. खरं मोजायचं तर फुल टू फुल. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला अजून दाबतो ते दाबू द्यायचं नाही. किलोमीटर लिहायचे, गाडी चालवायची, मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. मधे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्या, कारण १० लिटरच भरलं आणि एक लिटर इकडेतिकडे झालं तर १० टक्क्यांची चूक, तीच ३० लिटरवर ३ टक्के. सलग चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागा, एका टाकीवरून मित्राच्या गाडीशी पैज लावू नका. टायर मोठे टाकले असतील तर किलोमीटरच कमी मोजले जातात, ते पण धरा.

आणि न्यूट्रल अजिबात नको. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना पेट्रोल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिनाला चालू राहायला पेट्रोल घ्यावं लागतं, म्हणजे उलट जास्त जातं. शिवाय इंजिन ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकवर आला, आंबा घाटात ब्रेक तापून फेल झाले तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चढताना जो गिअर लागला साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न (पणजी): मारुतीची बलेनो घेऊ की टोयोटाची ग्लान्झा? ॲव्हरेज कुणाचं जास्त?

उत्तर: दोन्ही एकच. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, मॅन्युअलचा आकडा पण दोघींचा २२.३५. मारुती आणि टोयोटापैकी ज्यांचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घराजवळ आहे आणि जे वॉरंटी जास्त देतायत त्यांची घ्या.