नैरोबी ते जोहान्सबर्ग: तिकीट काढण्याआधी

पहिल्यांदाच जाताय, म्हणून सांगतो. नैरोबी ते जोहान्सबर्ग हवाई अंतर साधारण २,९०० किलोमीटर आहे. रस्त्याचं अंतर बघून वेळ काढू नका, ते बरंच जास्त भरतं. थेट विमानाला सुमारे चार तास लागतात. अंतराला विमानाच्या वेगाने नुसता भागाकार केलात तर साडेतीन तासांच्या आत उत्तर येईल, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यातही वेळ जातो.

नवख्यांचा गोंधळ होतो तो घड्याळात. जोहान्सबर्ग नैरोबीच्या एक तास मागे आहे. सकाळी आठला निघालात तर तिथल्या अकराच्या सुमारास पोचाल. तिकिटावर प्रवास तीन तासांचा वाटेल. परतीचा मात्र पाच तासांचा दिसेल. पुढचं विमान पकडायचं असेल तर हे नीट बघाच.

आणि यलो फिव्हरची लस! केनियातून दक्षिण आफ्रिकेत शिरताना तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. त्यामुळे आधी लस घ्या, मग तारीख ठरवा. आदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी उत्तरेला जाऊन पुन्हा दक्षिणेला यायचं असतं. मी तरी थेट विमानच घेईन.