गॅस्ट्रोच्या साथीत गावानं काय करायचं आणि सरकारनं काय?

गॅस्ट्रोच्या साथीत सरकारी यंत्रणा जास्त उपयोगी पडते की गावकऱ्यांनी स्वतः उचललेलं काम, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: पेशंटचे पहिले काही तास घराच्या हातात असतात, पाणी सरकारच्या हातात. ही वाटणी उलटी झाली की माणसं दगावतात.

घराच्या बाजूचं उत्तम उदाहरण बांगलादेशातलं. ब्रॅक या संस्थेनं 1980 ते 1990 या काळात घरोघर बायका पाठवून एक कोटीहून जास्त कुटुंबांना मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ. आईच्या हातूनच करून घ्यायचं आणि तिच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना घरांच्या संख्येवर नव्हता. नंतर तपासनीस काही निवडक घरी जाऊन आईला किती आठवतंय ते बघे, त्यावर मेहनताना ठरे. तरीही सुरुवातीला वापर फारच कमी होता. शोध घेतल्यावर दोन गोष्टी कळल्या: शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. लोकसहभाग म्हणजे नुसती दवंडी नव्हे, तो असा मोजावा लागतो.

आपल्याकडे आज आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं असतात. पाकिटावर लिहिलेलं माप पाळायचं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर मीठ दुप्पट होतं आणि लहान बाळाला ते घातक. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. मूल निपचित पडलं, पीतच नसेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश मागे जात असेल, तर घरी थांबायचं नाही. त्याला सलाईन लागू शकतं.

आता पाणी. साधारण प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर), म्हणजे 20,000 लिटरच्या टाकीला 100 ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. पावसाळ्यात गोणी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. रजिस्टरमध्ये मात्र रोजची नोंद व्यवस्थित असते. म्हणून ओटी टेस्ट (थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या घराच्या नळाला करायची. तिथे पिवळा रंग येऊन निदान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन दिसायला हवं. टाकीपाशी रंग येतो आणि शेवटी येत नाही, तर बहुधा मधे कुठेतरी पाइप फुटलाय. नळ बंद झाला की अशा भेगेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

पाइप बदलणं, चांगली पावडर वेळेवर पुरवणं, शौचाचे नमुने प्रयोगशाळेत नेणं, जलसुरक्षकाला (गावाच्या पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसाला) पुरेसा पगार देणं ही कामं स्वयंसेवकांच्या गळ्यात मारणं मला सरळ अन्याय वाटतो. गावानं आपल्या बाजूनं एक गोष्ट जरूर करावी: कोणत्या घरात जुलाब, त्या घराला कोणत्या लाइनचं पाणी, हे एका कागदावर लिहावं. आठ-दहा घरं मांडली की बहुतेकदा फुटलेली जागा दिसते. तो कागद आणि ओटीचे आकडे घेऊन ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जा, आणि कागद दिल्याची पोच घ्या.