पेरोल सॉफ्टवेअरमध्ये रोजचा आणि आठवड्याचा ओव्हरटाइम दोन्ही चालू केले, तर काही जणांना दुप्पट जातोय. काय चुकलं असेल?

तेच तास दोनदा मोजले जातायत, दुसरं काही नाही. समजा मर्यादा रोज 8 आणि आठवड्याला 40. माणूस सोमवार-मंगळवार 10-10 तास आला, पुढचे तीन दिवस 8-8. एकूण 44. रोजच्या नियमाने 4 जादा, आठवड्याच्या नियमानेही 4, आणि हे 4 म्हणजे तेच 4. सॉफ्टवेअर बेरीज करून 8 लावतं. आठवड्याच्या नियमाला एकूण तास द्यायचेच नाहीत, रोजचा ओव्हरटाइम वजा करून उरलेले साधे तास द्यायचे. इथे ते 40 भरतात, जादा शून्य. तोच माणूस शनिवारीही 6 तास आला तर साधे 46, म्हणून आठवड्याचे 6 आणि आधीचे 4 मिळून 10.

पण जास्त गेलेलं निदान दिसतं. कमी गेलेलं कोण शोधतो?

मी पगारपत्रक करते. आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर बसवायला सल्लागार आले होते. मी त्यांना विचारलं, रात्रपाळीचा दिवस कुठे संपतो? म्हणाले, बारा वाजता, दिवस आणखी कुठे संपणार! मी पुढे बोलायला लागले तर साहेबांनी थांबवलं: हे टेक्निकल आहे, तुम्ही एंट्रीचं बघा.

काही महिन्यांनी रात्रपाळीचा एक ऑपरेटर छोटी डायरी घेऊन आला. त्याचं म्हणणं एवढंच, की सुट्टीच्या आदल्या रात्री थांबलो की दोन तास गायब होतात, इतर रात्री होत नाहीत. साहेब हसले. मी ती डायरी घरी नेली. (न्यायला नको होती, मान्य.)

त्याची पाळी रात्री 10 ते सकाळी 6. थांबला की सकाळी 10 पर्यंत, म्हणजे 12 तास, जादा 4. सॉफ्टवेअर मध्यरात्री तुकडा पाडायचं: आदल्या तारखेला 2, पुढच्या तारखेला 10. त्याच रात्री तो परत आला, तर पुढच्या तारखेत आणखी 2 तास पडून 12 व्हायचे आणि हिशोब आपोआप जुळायचा. सुट्टी असली की त्या तारखेचे तास 10 वरच राहायचे, जादा फक्त 2. चूक रोज झाली असती तर पहिल्याच महिन्यात सापडली असती. ती सुट्टीमागे लपली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: ओव्हरटाइमचे नियम पगारपत्रक करणाऱ्याने लिहून द्यावेत, सल्लागाराने फक्त टाकावेत. ‘कामाचा दिवस’ पाळी सुरू होते त्या तारखेला बांधा. आठवड्याचा पहिला वार एकदाच ठरवा, पगाराच्या तारखेसाठी तो हलवू नका. आणि चालू करण्याआधी दोन-तीन जणांचा महिना कागदावर काढून ताडून बघा, त्यात रात्रपाळीचा एक हवाच.

हो, वरचे 8 आणि 40 उदाहरणापुरते. अमेरिकेचा 1938 चा केंद्रीय कायदा दिवस बघतच नाही, आठवड्याला 40 च्या वर दीडपट. कॅलिफोर्नियात मात्र आठवड्याचे 40 आहेतच, शिवाय दिवसाला 8 च्या वर दीडपट आणि 12 च्या वर दुप्पट. तेव्हा तुम्हाला लागू असलेला नियम आधी वाचा. भरपगारी रजेचे तास आठवड्याच्या बेरजेत धरायचे की नाही, तेही तिथेच बघा. बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

आमच्याकडे सात महिन्यांचा फरक निघाला. स्लिपवर तो ‘सिस्टीम सुधारणा फरक’ म्हणून छापला गेला. साहेब अजूनही त्याला सुधारणाच म्हणतात.