ऑफिसात इंटरनेटवरचे फोन बसवलेत, वायफायला पासवर्ड आहे. सुरक्षेला तेवढं पुरे का?

नाही, पुरे नाही. मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

एका फौंड्रीला दिवाळीची तीन दिवस सुट्टी होती. चौथ्या दिवशी सकाळीच मालकांनी मोबाईलवरून कळवलं, "अहो, ऑफिसातनं बाहेर फोनच लागेना झालेत." जाऊन कॉलची नोंद उघडली, तर २०३ एक्स्टेंशनवरून (फोनचा ऑफिसातला आतला नंबर) रात्री दोनपासून पहाटेपर्यंत परदेशी नंबरांवर एकामागून एक कॉल! २०३ म्हणजे स्टोअरमधला फोन. स्टोअरला कुलूप होतं. पासवर्डही २०३च. आगाऊ भरलेले सगळे पैसे संपले होते.

झालं होतं असं, निपाणीच्या सेल्समनला घरूनही ऑफिसचं एक्स्टेंशन मोबाईलवर हवं होतं, म्हणून कुणीतरी राऊटरवर ५०६० पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, सगळ्यांसाठी उघडला. हे फोन बहुधा याच पोर्टवर चालतात. चोरांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस तो ठोठावत फिरतात, १०१, १०२ असे नंबर आणि सोपे पासवर्ड घालून बघतात. आत शिरले की महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावायचे आणि त्या पैशातला वाटा घ्यायचा, हा त्यांचा धंदा.

म्हणून आधी आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल, बंद करा, तेही फोन कंपनीकडूनच. ऑफिसातले फोन चालवणाऱ्या तुमच्या मशीनमध्ये बंद केलेलं आत शिरलेला चोर चालू करू शकतो. आपले कॉल कोल्हापूर, पुणे, हुबळी, बेंगळूरला. आयएसडी रोज लागतं कुणाला? खर्चाला रोजची मर्यादा मिळत असेल तर तीही मागून घ्या.

मग ५०६० बाहेरच्यांना बंद, फक्त फोन कंपनीच्या नेटवरच्या (आयपी) पत्त्यांना चालू. घरून बोलणाऱ्याला व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता, द्या. पोर्टचा नंबर बदला म्हणजे झालं, असं सांगणारे भेटतील. त्यानं ठोठावणं कमी होतं, दार उघडंच राहतं. प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळा, लांब पासवर्ड हवाच. सेट आणि मशीनचे मूळ पासवर्डही बदला, अपडेट टाळू नका.

बोलणं चोरून ऐकलं जाऊ नये म्हणून कॉलची माहिती झाकणारं टीएलएस आणि आवाज झाकणारं एसआरटीपी दोन्ही लागतात. नुसत्या टीएलएसनं कॉल कुणाला लावला ते झाकतं, आवाज उघडाच राहतो.

आणि असं काही घडलंच तर मशीनची नेटची वायर काढा, पण फॉरमॅट मारू नका. कॉलची नोंद कॉपी करून ठेवा, फोन कंपनीला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर तक्रार करा.