मूळ नक्षत्राशेजारचं कडं

प्रश्न : आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर प्रचंड कृष्णविवर आहे म्हणतात. मग त्याच्याभोवतीचं रेणूंच्या वायूचं कडं त्याने आजवर गिळलं कसं नाही?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तुम्ही लश्करचे, म्हणजे मेळ्यातला ‘मौत का कुआँ’ पाहिला असणारच. लहानपणी मी आत्याचा पदर धरून वरच्या कठड्याशी उभी असायचे. मोटारसायकल जवळून गेली की पायाखालच्या फळ्या थरथरायच्या, पेट्रोलचा भपकारा यायचा. वेग आहे तोवर स्वार वर. वेग मंदावला की खाली.

वायूचंही तसंच, फक्त तिथे फळ्यांची भिंत नाही. विवराची आणि आसपासच्या ताऱ्यांची ओढच त्याला वळवत ठेवते. विवराचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. कड्याची आतली कड त्यापासून जवळपास ५ प्रकाशवर्षं दूर, आणि तिथला वायू सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने फिरतो. तरी एक फेरी पुरी व्हायला ८०,००० वर्षांहून जास्त लागतात! कडं म्हटलं तरी ते गुळगुळीत नाही, गाठीगाठींचं आहे. गाठी एकमेकींवर आदळतात, काहींचा वेग घटतो आणि तो वायू आत घसरतो. आतल्या पोकळीत तापलेल्या वायूच्या तीन वाकड्या धारा दिसतात, त्यातला काही असाच आलेला असावा. म्हणजे विवराला घास मिळतो, पण चिमूटचिमूट.

हे कळतं कसं? मधल्या धुळीतून दृश्य प्रकाश जवळजवळ येतच नाही, रेडिओ लहरी येतात. कड्यातला बहुतेक वायू हायड्रोजनचा, पण थंड हायड्रोजन रेणू रेडिओवर मुकाच. बोलतो तो हायड्रोजन सायनाइड, तेच जहाल विष! त्याच्या ३.४ मिलिमीटर लांबीच्या लहरींवरून दाट वायू कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो, हे दोन्ही कळतं.

जागा बघायची असेल तर मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेला तोंड करा. वृश्चिकाची नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, दिसलं की थोडं वर, डावीकडे. माझा जन्म मुळावरचा. आजीने रीतसर शांत करवून घेतली होती. अंतर मात्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं, आणि शहरात महाराज बाड्याच्या दिव्यांतून तर काहीच दिसणार नाही. तिघरा धरणाच्या बाजूला जा, सोबत कुणाला तरी न्या.