एकटीच परदेशात, तेही पहिल्यांदा

प्रश्न: ताई, पहिल्यांदाच एकटी परदेशात चाललेय, तिथली भाषा अजिबात येत नाही, एअरपोर्टवर उतरल्यावर कसं होणार याचंच टेन्शन आलंय.

उत्तर: अगं, टेन्शन येणारच, पण पहिला दिवस नीट गेला ना की पुढचं जमतं. शक्यतो दिवसाउजेडी पोचेल अशीच फ्लाइट घे. हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून ठेव, मोबाईल बंद पडला तरी तो कागद टॅक्सीवाल्यासमोर धरता येतो, आणि मॅप आधीच डाउनलोड कर, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. एटीएमने ‘तुमच्या चलनात, म्हणजे रुपयांत, पैसे कापू का’ असं विचारलं तर सरळ नाही म्हण, तो रेट बहुतेक वेळा महागच पडतो. आणि पासपोर्ट आजच काढून बघ, बरेच देश 6 महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, हे अजिबात पुढे ढकलू नकोस.